भरती-ओहोटीने घडवलेल्या वालुकाश्मातला वायू कसा तपासायचा: दमण फॉर्मेशन समोर ठेवून

मुंबईच्या पायाखाली बेसाल्ट आहे. त्यामुळे इथे भूविज्ञान शिकणाऱ्या मुलांचा हात डेक्कन ट्रॅपवर चांगला बसतो आणि वालुकाश्म पुस्तकातच राहतो. त्यात आणखी एक गैरसमज असतो. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायवर तेल शोधले, म्हणजे ते वाळूच्या दगडातच असणार, असे बरेच जण धरून चालतात. मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. वालुकाश्माचा वायू बघायचा असेल तर थोडे उत्तरेला, दमण आणि तापीच्या मुखासमोरच्या उथळ समुद्रात जायला हवे. मिड ताप्ती आणि साउथ ताप्ती ही क्षेत्रे तिथलीच. त्यांचा वायू आला तो ऑलिगोसीन काळाच्या उत्तरार्धातल्या दमण फॉर्मेशनमधून, म्हणजे त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या गटातून.

या समुद्रातल्या खडकांची नावे वाचताना मुंबईकराला लोकलचा इंडिकेटर आठवेल: माहीम, बांद्रा, बेलापूर, चिंचणी, अलिबाग, बेसीन. दमण फॉर्मेशनच्या खाली महुवा फॉर्मेशन आहे आणि वर माहीम फॉर्मेशनची शेल, म्हणजे दाबून घट्ट झालेल्या चिखलाचा खडक. सगळ्यांत खाली पन्ना फॉर्मेशन आणि त्याखाली डेक्कन ट्रॅप. एवढा क्रम पाठ करून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला तो लागेल.

दमणची वाळू नदीमुखाशी, खाडीत, भरती-ओहोटीच्या जोरावर साचली. म्हणून ती एकसंध जाड थरात क्वचितच मिळते. बऱ्याच ठिकाणी वाळू आणि चिखल यांचे सेंटिमीटरभर जाडीचे थर आलटून-पालटून येतात. अशा खडकातला साठा मोजताना होणाऱ्या बहुतेक चुका या पातळ चिखलापाशी सुरू होतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत त्याच्यावरच जास्त भर दिला आहे.

आधी पाच प्रश्न

वाळूचा थर सापडला म्हणून वायू सापडत नाही. जनक खडक (ज्यात तेल-वायू तयार होतो), साठवण खडक, वरचे झाकण, सापळा (थरांची अशी रचना जिथे तो अडकतो), आणि तेल-वायू सरकण्याआधी सापळा तयार होता का ही वेळ, या पाचही गोष्टी जुळाव्या लागतात. प्रत्येकीला 0 ते 1 मधला आकडा द्या आणि गुणाकार करा. समजा जनक 0.8, साठवण 0.7, झाकण 0.8, सापळा 0.6, वेळ 0.7. गुणाकार येतो 0.19, म्हणजे पाचात जेमतेम एक संधी. सगळे आकडे दिसायला चांगले आहेत, तरी उत्तर लहान आहे. इथे सरासरी काढायचा मोह टाळा. पाचातली एक गोष्ट शून्य असेल तर बाकीच्या चार कितीही चांगल्या असल्या तरी विहीर कोरडीच जाणार.

दमणच्या बाबतीत मुख्य जनक खडक म्हणजे पन्नाची शेल आणि तिच्यातले कोळशाचे थर. झाकण माहीमच्या शेलचे, शिवाय फॉर्मेशनच्या आतलेही शेलचे पट्टे स्थानिक झाकण बनतात. जनक खडक तपासताना सेंद्रिय कार्बनचे प्रमाण एकटे पुरत नाही. खडक किती तापला हेही बघावे लागते. व्हिट्रिनाइट या सेंद्रिय कणाची परावर्तकता साधारण 0.6 ते 1.3 टक्के असेल तर खडक तेलाच्या टप्प्यात आहे आणि त्यापुढे वायूच्या. कोळसट खडक त्याआधीच बराच वायू देऊ शकतो. सापळ्यासाठी साइस्मिक नकाशावर (खाली ध्वनिलहरी सोडून काढलेल्या) फक्त घुमट शोधू नका. खाडीतली वाळू अरुंद पट्ट्यांत साचते, त्यामुळे घुमटाच्या माथ्यावर वाळूच नाही आणि उतारावर मात्र चांगली, असेही होते.

खाडीवर जाऊन थर बघा

लॉगवर (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदीवर) रेषा वाचण्याआधी ती रेषा कशाची आहे हे डोळ्यांनी बघितलेले बरे. मनोरीच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीला जा. पंचांगात किंवा भरतीच्या तक्त्यात वेळ बघून, पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी पोहोचा म्हणजे परतायला सवड राहते. खारफुटीत अजिबात खणू नका. उघड्या पुळणीला लागून जिथे वाळू आणि चिखल मिसळतात तो पट्टा निवडा.

चौकोनी पत्र्याचा डबा घ्या, साधारण 20 सेंटिमीटर उंच, तळ आणि झाकण कापून काढलेला. तो सरळ खाली दाबा, एका बाजूने खणा, खालून पत्र्याची पट्टी सरकवा आणि डबा आडवा न करता उचला. वरची बाजू कुठली ते लगेच डब्यावर लिहा, कारण घरी आल्यावर ते हमखास विसरायला होते. सावलीत एक-दोन दिवस ठेवा. एक बाजू कापून मोकळी केली की वाळूचे थर आधी सुकून फिके पडतात, चिखलाचे काळपट आणि ओलसर राहतात. मऊ ब्रश हलकेच फिरवला की वाळू झडते आणि चिखलाच्या कडा उठून दिसतात. आता पट्टीने मोजा. वाळूचे थर काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर, मधला चिखल कधी कागदाइतका पातळ, कधी बोटभर. नशीब चांगले असेल तर जाडी वाढत-घटत जाताना दिसते: उधाणाच्या दिवसांत जाड वाळू, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पातळ. कोळी बांधवांच्या तोंडचे हे दोन शब्द तुमच्या नोंदवहीत तसेच लिहा.

ही डबाभर माती दमणच्या खडकाची प्रतिकृती नाही. वय, खोली, दाब सगळे वेगळे. पण थरांची रचना कशी असते, आणि अर्ध्या मीटरची सरासरी घेणारे उपकरण यात काय बघू शकेल, हे एकदा हातात घेतल्यावर कायमचे समजते.

दगड हातात घेतल्यावर

खरा वालुकाश्म बघायला कच्छ सोयीचे. भुजचा वालुकाश्म क्रेटेशियस काळातला आहे आणि तिथले उघडे कातळ सहज गाठता येतात. शहरातच बघायचा तर सीएसएमटीजवळच्या जीपीओच्या इमारतीत काळ्या बेसाल्टबरोबर आणि पिवळ्या कुर्ला दगडाबरोबर ध्रांगध्र्याचा पांढरट दगड वापरला आहे. तो फक्त भिंगातून बघायचा. वारसा इमारतीवर आम्ल, हातोडी किंवा ओरखडा चालत नाही.

उघड्या कातळाचा नमुना घेताना वरचा झिजलेला भाग फोडून 10 ते 15 सेंटिमीटर आतला ताजा तुकडा काढा. पावसाच्या पाण्याने वरच्या थरातले कॅल्साइट (कणांना जोडणारे चुन्याचे खनिज) विरघळून गेलेले असते. त्यामुळे उघड्यावरचा दगड भुसभुशीत आणि सच्छिद्र वाटतो, पण जमिनीखाली तोच थर घट्ट निघतो. उघड्या कातळाची सच्छिद्रता जशीच्या तशी हजार-दीड हजार मीटर खोलीसाठी वापरली की पुढचे सगळे गणित चुकते.

10 पट भिंगाने कणांचा आकार ठरवा. 0.0625 ते 0.125 मिलिमीटर म्हणजे अतिबारीक वाळू, 0.25 पर्यंत बारीक, 0.5 पर्यंत मध्यम, 1 पर्यंत जाड. एक गोष्ट ध्यानात ठेवा. सच्छिद्रता कणांच्या आकारापेक्षा कण एकसारखे आहेत का यावर जास्त अवलंबून असते. पार्यता, म्हणजे द्रव किंवा वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता, मात्र आकारावर फार अवलंबून असते. म्हणून बारीक वाळूची सच्छिद्रता 20 टक्के असूनही वायू सोडायला ती कुरकुर करते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून कॅल्साइट तपासा आणि पाण्याचा एक थेंब ताज्या पृष्ठावर ठेवा. थेंब लगेच शोषला गेला तर छिद्रे जोडलेली आहेत. तसाच बसून राहिला तर सिमेंट (कणांना जोडणारे खनिज) किंवा चिखल यांच्यापैकी कोण अडवतोय ते शोधा.

पातळ काप: चिखल कोणता?

दगडाचा 30 मायक्रॉन जाडीचा काप करण्याआधी निर्वातात निळा रंग मिसळलेला इपॉक्सी भरून घ्या. सूक्ष्मदर्शकात जे निळे दिसेल ते छिद्र. हे न करता काप केला तर घासताना निखळलेल्या कणांच्या जागा छिद्रांसारख्या दिसतात आणि सच्छिद्रता फुगते. कापावरचे किमान 300 बिंदू बघून त्यांतली छिद्रे किती ते मोजा.

पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांत एक खास गोष्ट शोधायची. नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत डेक्कन ट्रॅप पसरलेला असल्याने वाळूत बेसाल्टचे कण येऊ शकतात. वरच्या थरांच्या वजनाखाली क्वार्ट्झ टिकतो, पण बेसाल्टचा मऊ झालेला कण चेपून शेजारच्या छिद्रात घुसतो. नवख्याला तो मूळचाच चिखल वाटतो. कडा नीट बघा, कणाची जुनी बाह्यरेषा कुठेतरी राहिलेली असते.

चिखलाचे खनिज ओळखल्याशिवाय विहिरीत कोणते द्रव टाकायचे ते ठरवू नका. स्मेक्टाइट गोड्या पाण्याने फुगतो, म्हणून ड्रिलिंगच्या द्रवात 3 ते 5 टक्के पोटॅशियम क्लोराइड ठेवतात. केओलिनाइटच्या पापुद्र्यांच्या गड्ड्या जोराच्या प्रवाहात सुटतात आणि छिद्रांच्या अरुंद गळ्यांत अडकतात. इलाइटचे केसांसारखे तंतू सच्छिद्रता फारशी न घटवता पार्यता मारतात. क्लोराइटचा थर कणांवर बसला असेल तर तो क्वार्ट्झची वाढ रोखून छिद्रे वाचवतो, पण त्यावर साधे हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले तर सुटलेले लोह जेलीसारखे बसते आणि विहीर चोंदते.

विहिरीवरचे कटिंग्ज आणि कोअर

रिगवर (विहीर खोदणाऱ्या यंत्रावर) कटिंग्ज, म्हणजे खोदताना वर येणारे दगडाचे तुकडे, धुणारा माणूस घाईत असला की सैल वाळू पाण्याबरोबर वाहून जाते आणि चाळणीत शेल उरते. मग नोंद होते, ‘90 टक्के शेल’. पातळ थरांच्या खडकात हा धोका सर्वांत मोठा. हलक्या हाताने धुवा, चाळणीखालचा गाळही बघा, आणि त्याच खोलीच्या ड्रिलिंगच्या वेगाशी ताडून पाहा. बिट (खोदणारे टोक) वेगाने उतरले आणि वायूचे प्रमाण वाढले, तर शेलचे टक्के कितीही लिहिलेले असोत, तिथे वाळू असण्याचीच शक्यता जास्त. अतिनील दिव्याखाली कोरडा वायू चमकत नाही, आणि पाइपच्या आट्यांना लावलेले वंगण मात्र चमकते. त्यामुळे चमक नाही म्हणून थर सोडू नका आणि चमक दिसली म्हणून लगेच हुरळूही नका.

कोअर (विहिरीतून अखंड कापून काढलेला दगडाचा दंडगोल) मिळाला तर त्यातून 25 किंवा 38 मिलिमीटर व्यासाचे प्लग साधारण दर 30 सेंटिमीटरला काढतात. इथे हात आपोआप स्वच्छ, जाड वाळूकडे जातो. परिणामी अहवालात पार्यतेची सरासरी प्रत्यक्षापेक्षा सुंदर दिसते. ठरलेल्या अंतरावर जे येईल तेच काढा, आणि काही प्लग उभ्या दिशेनेही घ्या. थरांच्या दिशेने पार्यता 100 मिलिडार्सी आणि उभ्या दिशेने 1 पेक्षा कमी, असे अंतर चिखलाच्या पापुद्र्यांमुळे पडू शकते. चिखल असलेले प्लग 100 अंशांवर कडक वाळवू नका. 60 अंश आणि 40-45 टक्के आर्द्रता ठेवा, नाहीतर इलाइटचे तंतू कोसळतात आणि पार्यता खोटी वाढते.

लॉगचे गणित

आता एक उदाहरण. यातले आकडे पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष विहिरीचे नाहीत.

जाड वाळूचा थर. गॅमा रे (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराची नोंद) स्वच्छ वाळूत 30, शेलमध्ये 110, आपल्या थरात 50. निर्देशांक = (50 − 30) ÷ (110 − 30) = 0.25. टर्शरी काळातल्या खडकांसाठी लॅरिओनोव्हचे सूत्र वापरले तर शेल = 0.083 × (2^(3.7 × 0.25) − 1) = सुमारे 0.075, म्हणजे साडेसात टक्के. सरळ 25 टक्के धरले असते तर चांगली वाळू उगाच मागे पडली असती.

डेन्सिटी 2.25. वाळूच्या कणांची घनता 2.65, पाण्याची 1.0 धरून सच्छिद्रता = (2.65 − 2.25) ÷ (2.65 − 1.0) = 0.24. न्यूट्रॉन लॉगची (हायड्रोजनवरून काढलेली) सच्छिद्रता, वालुकाश्माच्या मापावर, 0.14. डेन्सिटीची सच्छिद्रता जास्त आणि न्यूट्रॉनची कमी, हीच वायूची खूण. दोन्हींच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्या: 0.196, म्हणजे 0.20. लॉगचे शीर्षक वाचायला चुकू नका. न्यूट्रॉन चुनखडकाच्या मापावर छापलेला असेल तर स्वच्छ, पाण्याने भरलेल्या वाळूतही दोन रेषा एकमेकींना ओलांडतात आणि नसलेला वायू दिसतो. मुंबईच्या समुद्रात चुनखडक आणि वाळू दोन्ही असल्याने ही गफलत सोपी आहे.

थराची रोधकता (विजेला होणारा विरोध) 20 ओहम-मीटर, थरातल्या पाण्याची 0.1. छिद्रांत पाण्याचा वाटा किती ते सांगणारे आर्चीचे सूत्र: पाणी = √(0.1 ÷ (0.20² × 20)) = 0.35. म्हणजे 65 टक्के वायू. छान थर.

आता तीच वाळू घ्या, पण पातळ पापुद्र्यांत. अर्धी वाळू 20 ओहम-मीटरची, अर्धी शेल 2 ओहम-मीटरची. रोधकता मोजणारे नेहमीचे इंडक्शन लॉग अर्ध्या मीटरहून पातळ थर नीट वेगळे करत नाहीत आणि उभ्या विहिरीत थर समांतर तारांसारखे वागतात. वीज सोप्या वाटेने, म्हणजे शेलमधून जाते. 1 ÷ रोधकता = 0.5 ÷ 20 + 0.5 ÷ 2 = 0.275. लॉगवर दिसणार 3.6 ओहम-मीटर. हाच आकडा आर्चीत टाकला तर पाणी येते 83 टक्के. वाळूत प्रत्यक्षात पाणी 35 टक्केच आहे, पण कागदावर थर ‘पाण्याचा’ ठरून बाद झाला. शिवाय शेल न्यूट्रॉनचा आकडा वाढवते, त्यामुळे वायूची ओलांडणीसुद्धा झाकली जाते. दोन्ही खुणा एकाच वेळी पुसल्या जातात.

यावर उपाय आहे. त्रिअक्षीय इंडक्शन असेल तर उभी रोधकता वेगळी मिळते: 0.5 × 20 + 0.5 × 2 = 11. आडवी 3.6 आणि उभी 11, एवढी तफावत दिसली की पापुद्रे आहेतच. शेलचे प्रमाण कोअर किंवा इमेज लॉगवरून (विहिरीच्या भिंतीच्या चित्रावरून) घ्या आणि उलटे गणित करा: (11 − 0.5 × 2) ÷ 0.5 = 20. वाळूची खरी रोधकता परत मिळाली. हे उपकरण नसेल तर कोअरचे फोटो, इमेज लॉग आणि वायूच्या नोंदी शेजारी ठेवून निदान ‘तपासा’ असा शेरा मारा, ‘बाद’ असा नको.

दाबाच्या चाचण्या हा दुसरा पुरावा. खोलीनुसार दाब मांडा. पाण्याची रेषा फुटामागे साधारण 0.43 ते 0.45 पीएसआय चढते, वायूची 0.05 ते 0.12. दोन रेषा जिथे छेदतात ती वायू-पाण्याची सीमा. पापुद्र्यांत प्रोब (दाब मोजणारे टोक) शेलवर बसला तर चाचणी ‘टाइट’ येते, म्हणजे दाब नीट मिळत नाही. इमेज लॉग बघून 5-10 सेंटिमीटर वर-खाली करून पुन्हा घ्या.

साठ्याचा आकडा

5 मीटर जाड वाळू आणि 6 मीटर पापुद्र्यांचा पट्टा, त्यात अर्धी वाळू. निव्वळ जाडी 5 + 3 = 8 मीटर. क्षेत्र 10 चौरस किलोमीटर, शेल वजा करून सच्छिद्रता 0.18, वायू 0.65, आणि वायूचा घनफळ गुणांक (जमिनीखालचे घनफळ भागिले पृष्ठावरचे) 0.0065. मुळात असलेला वायू = 1 कोटी चौरस मीटर × 8 × 0.18 × 0.65 ÷ 0.0065 = 144 कोटी घनमीटर. पापुद्रे बाद केले तर 90 कोटी. सगळे 11 मीटर वाळू धरले तर 198 कोटी. क्षेत्र, दाब, तापमान काहीही न बदलता आकडा दुपटीहून जास्त हलला, तो फक्त चिखल कसा मोजला त्यावर. म्हणून अहवालात एकच संख्या देऊ नका. कमी, मधली आणि जास्त अशा तिन्ही द्या आणि प्रत्येकीमागे पापुद्र्यांबद्दल काय धरले आहे ते स्पष्ट लिहा.

चाचणी घेताना पापुद्र्यांच्या पट्ट्यात एखाद-दुसऱ्या मीटरला विहिरीच्या नळीला छिद्रे पाडून भागत नाही. उभी पार्यता नगण्य असल्याने ज्या वाळूला छिद्र पडले नाही तिचा वायू शेजारच्या थरातून येणार नाही. पूर्ण 6 मीटर उघडा.

उत्पादन सुरू झाल्यावर आपलाच हिशेब तपासण्याची वाट मोकळी होते. सुरुवातीचा दाब 170 बार आणि झेड (खरा वायू आदर्श वायूपासून किती वेगळा वागतो तो गुणांक) 0.9 असेल तर दाब भागिले झेड = 189. समजा 14.4 कोटी घनमीटर वायू काढला. साठा 144 कोटींचा असेल तर हा आकडा 10 टक्के उतरून 170 वर यायला हवा. 90 कोटींचाच असेल तर 16 टक्के उतरून 159 वर. 170 आला तर पापुद्रे वायू देत आहेत. मात्र खालून पाणी सरकून दाब धरून ठेवत असेल तरीही 170 दिसतो. म्हणून त्याच दिवशीची पाण्याची नोंद आणि त्यातले क्षार तपासा. क्षार कमी आणि पाणी जेमतेम असेल, तर ते वायूबरोबर वाफेच्या रूपात येऊन वर थंड झालेले पाणी आहे. क्षार थराच्या पाण्याइतके चढले, तर सीमा वर येते आहे आणि साठ्याचा आकडा पुन्हा खाली आणावा लागेल.